पाठ १७ : अंतर राखणारी काच

प्रस्तावना

आपल्यापैकी अनेकांना पशुपक्ष्यांची छायाचित्रे पाहायला आवडतात. पाण्यावरून उडणारा खंड्या किंवा गवतातून डोकावणारे हरीण वर्तमानपत्रात दिसले, की 'हे कसे बरे टिपले असेल?' असा प्रश्न आपल्या मनात येतो. अशी छायाचित्रे काढण्यासाठी लांब पल्ल्याची लेन्स लागते. ती महाग असते, जड असते आणि वापरायला शिकावी लागते. सामान्य माणसाने ती निवडावी कशी आणि वापरावी कशी, हे या पाठात लेखिकेने स्वतःच्या अनुभवातून सांगितले आहे.

हा पाठ तांत्रिक माहिती देणाऱ्या गद्याचा नमुना आहे. मात्र या माहितीच्या मुळाशी एक चूक आणि त्या चुकीतून आलेली समज आहे. पाठ वाचताना माहिती आणि अनुभव एकमेकांना कसे आधार देतात, याकडे लक्ष द्या.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• लांब पल्ल्याच्या लेन्सचे कार्य सोप्या शब्दांत सांगू शकाल;
• परवडणारी लेन्स निवडताना कोणत्या गोष्टींचा विचार करावा, हे स्पष्ट करू शकाल;
• वन्यजीवांचे छायाचित्रण करताना पाळावयाची पथ्ये सांगू शकाल;
• पाठातील म्हणी व वाक्प्रचार ओळखून त्यांचा वाक्यांत उपयोग करू शकाल;
• मिश्र व संयुक्त वाक्यांतील फरक ओळखू शकाल.

१७.१ मूळ पाठ

(अ) माळावरची टिटवी

पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण लागते. भीमा नदीवरील उजनी धरणाचे मागचे पाणी येथे दूरवर पसरलेले आहे. हिवाळ्यात या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. चित्रबलाक, राखी बगळे, नदीसुरय यांचीही येथे वर्दळ असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की खडीमातीचे उघडे पट्टे वर येतात. अशाच एका पट्ट्यावर, एप्रिल महिन्यातल्या एका सकाळी, मी माझ्या आयुष्यातील एक मोठी चूक केली.

त्या वेळी माझ्याजवळ साधा कॅमेरा आणि ५५ ते २५० मिलिमीटरची लहान झूम लेन्स होती. होडीतून उतरून मी काठाने चालत होते. अचानक एक टिटवी ओरडत माझ्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. समोर पाहिले, तर खड्यांच्या मधोमध चार अंडी. त्यांचा रंग मातीसारखा, वर काळपट ठिपके. टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवरच्या उथळ खळग्यात ती अंडी घालते. मला फार आनंद झाला. टिटवी अंड्यांवर येऊन बसेल आणि मला छायाचित्र मिळेल, या आशेने मी तेथेच उभी राहिले. ती थोडी दूर उतरली. माझ्या लेन्समधून ती एवढीशी दिसत होती. म्हणून मी आणखी चार पावले पुढे गेले. ती पुन्हा उडाली. मी पुन्हा थांबले. असे किती वेळ चालले, याचे मला भान राहिले नाही.

होडीवाले मामा वयस्कर होते. सारा जन्म त्यांनी या पाण्यावर मासेमारी केलेली. ते काठावरून म्हणाले, "बाई, माघारी या. तुम्ही हितं हाय तंवर ती बसायची न्हाई. उन्हात अंडी भाजत्यात."

मी खाली पाहिले. माझी सावली अंड्यांपर्यंत पोचत नव्हती. ऊन मात्र त्यांच्यावर सरळ पडत होते. टिटवी अंड्यांवर बसते ती केवळ ऊब देण्यासाठी नव्हे. उन्हाळ्यात ती त्यांच्यावर सावली धरते आणि पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून अंडी गार ठेवते. हे मी पुस्तकात वाचले होते. वाचलेले त्या क्षणी आठवले नाही, एवढेच.

मी परत फिरले. त्या चार अंड्यांचे पुढे काय झाले, हे मला आजवर कळलेले नाही.

(आ) लेन्स नेमके काय करते?

घरी आल्यावर मी विचार करू लागले. मी त्या पक्ष्याच्या एवढ्या जवळ का गेले? उत्तर साधे होते. माझी लेन्स लहान होती. जे अंतर काचेने कापायचे, ते मी पायांनी कापत होते.

लेन्सवर जो मिलिमीटरचा आकडा लिहिलेला असतो, त्याला नाभीय अंतर म्हणतात. हा आकडा जितका मोठा, तितका दृश्याचा लहानसा तुकडा संपूर्ण चौकट भरून टाकतो. ज्या लेन्सचे नाभीय अंतर बदलता येते, ती झूम लेन्स. ज्या लेन्सचे बदलता येत नाही, ती स्थिर लेन्स.

याचे एक साधे गणित आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही पट्टीला, म्हणजे सेन्सरला, ठरावीक रुंदी असते. सामान्यांच्या कॅमेऱ्यात ती बहुधा २३.५ मिलिमीटरच्या आसपास असते. या रुंदीला पक्ष्याच्या अंतराने गुणावे आणि नाभीय अंतराने भागावे. जे उत्तर येईल, तेवढ्या रुंदीची जागा चौकटीत मावते. ६०० मिलिमीटरची लेन्स घेऊन आपण टिटवीपासून २४ मीटरवर बसलो, तर सुमारे ९४ सेंटिमीटर रुंदीची जागा चौकटीत येते. टिटवीची लांबी सुमारे एक फूट असते. म्हणजे ती चौकटीचा जवळजवळ एकतृतीयांश भाग व्यापते. एवढे छायाचित्रासाठी पुरेसे आहे. २५० मिलिमीटरच्या लेन्सने तेवढीच मोठी टिटवी हवी असेल, तर मात्र १० मीटरवर जावे लागते.

२४ मीटर आणि १० मीटर! पक्ष्याच्या दृष्टीने शांतता आणि भीती यांच्यातील सीमारेषा बहुधा याच दोन आकड्यांच्या मध्ये कोठेतरी असते. लांब लेन्स पक्ष्याला आपल्याजवळ आणते, असे आपण म्हणतो. ती आपल्याला पक्ष्यापासून दूर राहू देते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

(इ) अंथरूण पाहून

गरज कळली. आता प्रश्न पैशांचा होता.

व्यावसायिक छायाचित्रकार वापरतात ती ६०० मिलिमीटरची, एफ ४ छिद्राची स्थिर लेन्स दहा लाख रुपयांहून महाग असते. ती इतकी महाग का, हेही गणितानेच कळते. ६०० ला ४ ने भागले, की १५० येतात. म्हणजे प्रकाश आत येण्यासाठी १५० मिलिमीटर व्यासाचे द्वार हवे. एवढे मोठे आणि निर्दोष भिंग घडवणे सोपे नसते. हेच छिद्र एफ ६.३ ठेवले, तर ९५ मिलिमीटर व्यास पुरतो. काच लहान होते, वजन कमी होते, किंमत आवाक्यात येते. मात्र आत येणारा प्रकाश सुमारे अडीचपट घटतो. परवडणाऱ्या लांब लेन्सचे सारे गुणदोष या एका वाक्यात सामावलेले आहेत.

अशा लेन्स सामान्यांच्या हाती आल्या त्या गेल्या काही वर्षांत. २०१३ च्या अखेरीस टॅमरॉन कंपनीने १५० ते ६०० मिलिमीटरची झूम लेन्स जाहीर केली. पाठोपाठ सिग्मा कंपनीने त्याच पल्ल्याच्या दोन लेन्स आणल्या. त्यांपैकी 'कंटेम्पररी' ही हलकी व स्वस्त. २०१५ मध्ये निकॉनने २०० ते ५०० मिलिमीटरची, एफ ५.६ छिद्राची लेन्स काढली. आरशाविना चालणारे मिररलेस कॅमेरे आल्यावर सोनीची २०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स २०१९ मध्ये आणि निकॉनची १८० ते ६०० मिलिमीटरची लेन्स २०२३ मध्ये आली. कॅननने २०२१ मध्ये १०० ते ४०० मिलिमीटरची एक लहान, हलकी लेन्सही दिली. तिचे छिद्र अरुंद आहे, पण ज्यांना दोन किलोंचे ओझे पेलवत नाही, त्यांच्यासाठी ती सोयीची आहे.

या लेन्सही स्वस्त नव्हेत. त्यांतल्या मोठ्या लेन्सच्या नव्या किमती साधारण एक-दोन लाखांच्या घरात जातात. मी शिक्षिका. घरातले खर्च सांभाळून पदरमोड करायची म्हटले, तरी एवढी रक्कम काढणे अवघड होते. म्हणून मी वापरलेली लेन्स घ्यायचे ठरवले. येथे माझी दुसरी चूक झाली.

एका दुकानातून मी घाईघाईने एक जुनी लेन्स आणली. बाहेरून ती नव्यासारखी दिसत होती. पंधरा दिवसांनी रात्री विजेरीचा झोत तिच्यातून पाडून पाहिला, तेव्हा आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले. ती बुरशी होती. पावसाळी हवेत बंद पेटीत पडून राहिलेल्या लेन्सला हा रोग जडतो. दुकानदाराने लेन्स परत घेण्यास नकार दिला. ती दुरुस्त करण्यात माझी आणखी काही रक्कम गेली. तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येकाला एकच सांगते : जुनी लेन्स घेताना खिशात विजेरी ठेवा.

वापरलेली लेन्स तपासताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. दोन्ही बाजूंनी विजेरी लावून आत बुरशी, ओलसर डाग किंवा ओरखडे आहेत का, ते पाहावे. धुळीचे दोन-चार कण असले तरी चालते. बुरशी मात्र चालत नाही.
२. झूमचे कडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरवावे. ते कोठे अडकते का, लेन्स खाली धरल्यावर नळी आपोआप घसरते का, हे पाहावे.
३. आपल्याच कॅमेऱ्यावर लावून सर्वांत लांब पल्ल्यावर छायाचित्रे घ्यावीत. दूरच्या पाटीवरील अक्षरे हे उत्तम परीक्षण होय.
४. स्थिरीकरण चालू आणि बंद करून फरक पडतो का, ते पाहावे.
५. लेन्स आणि कॅमेरा यांची जोडणी एकमेकांस जुळते का, याची खात्री करावी. निरनिराळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांची जोडणी वेगळी असते.

याशिवाय एक मोह टाळावा. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायची १.४ पट वाढ देणारी नळी बाजारात मिळते. तिने ६०० चे ८४० होतात, पण एफ ६.३ चे छिद्र जवळजवळ एफ ९ होते. आरसा असलेले अनेक कॅमेरे एफ ८ च्या पलीकडे आपोआप केंद्रीकरण करू शकत नाहीत. मिररलेस कॅमेऱ्यांना ते जमते, तरीही प्रकाश निम्म्यावर येतो, तो येतोच.

पाठगत प्रश्न १७.१

१. योग्य पर्याय निवडा : लांब लेन्सचा खरा उपयोग लेखिकेच्या मते कोणता?
(क) पक्ष्याच्या जवळ जाणे (ख) पक्ष्यापासून अंतर राखणे (ग) प्रकाश वाढवणे (घ) वजन कमी करणे
२. रिकाम्या जागा भरा : ६०० मिलिमीटरच्या, एफ ४ छिद्राच्या लेन्सला ______ मिलिमीटर व्यासाचे द्वार लागते.
३. चूक की बरोबर ते सांगा : टिटवी उन्हाळ्यात अंड्यांवर केवळ ऊब देण्यासाठी बसते.
४. वापरलेली लेन्स तपासताना विजेरी कशासाठी लागते?

(ई) वापरण्याची रीत

पुढे मला १५० ते ६०० मिलिमीटरची एक वापरलेली लेन्स मिळाली. या वेळी ती नीट पारखून घेतली. तिचे वजन दोन किलोंना किंचित कमी होते. पहिल्या दिवशी काढलेल्या छायाचित्रांपैकी बहुतेक सर्व पुसट आली. लेन्स खराब आहे, अशी माझी समजूत झाली. वस्तुतः खराब होता तो माझा हात.

लांब लेन्समधून पक्षी मोठा दिसतो, त्याप्रमाणे हाताचा कंपही मोठा होतो. यासाठी जुन्या छायाचित्रकारांचा एक नियम आहे. नाभीय अंतराचा जो आकडा असेल, तितकाव्या भागाइतका किंवा त्याहून कमी वेळ कॅमेऱ्याची झडप उघडी राहावी. ६०० मिलिमीटरला सेकंदाचा सहाशेवा भाग. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर हजाराव्या भागापर्यंत जावे. स्थिरीकरणाची सोय असेल, तर बसलेल्या पक्ष्यासाठी यापेक्षा सवलत मिळते. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. स्थिरीकरण आपला हात सावरते, पक्ष्याचे पंख थांबवत नाही. उडत्या पक्ष्यासाठी सेकंदाचा दोन हजारावा भाग हवाच.

झडप इतकी झटपट मिटली, की प्रकाश कमी पडतो. तेथे आयएसओ वाढवावा लागतो. पहाटे एफ ४ च्या लेन्सला आयएसओ १६०० पुरत असेल, तर आपल्या एफ ६.३ च्या लेन्सला तो सुमारे ४००० करावा लागेल. छायाचित्रात थोडे दाणे येतील. ते येऊ द्यावेत. दाणेदार पण स्पष्ट छायाचित्र नंतर सुधारता येते, हललेले छायाचित्र मात्र सुधारता येत नाही.

ऊन चढल्यावर पुरेसा प्रकाश असतो. तेव्हा छिद्र एफ ८ वर ठेवावे. बहुतेक परवडणाऱ्या झूम लेन्स सर्वांत लांब पल्ल्यावर थोड्या मऊ असतात. छिद्र किंचित लहान केले, की त्यांची धार वाढते. मात्र ऊन फार चढू देऊ नये. उन्हाळ्यात दहा वाजून गेल्यावर जमिनीवरची तापलेली हवा थरथरू लागते. तिच्यातून कितीही महाग लेन्सने पाहिले, तरी चित्र पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखे डुलते. अशा वेळी कॅमेरा पिशवीत ठेवावा आणि डोळ्यांनी पाहावे.

लेन्सला आधार द्यावा. हातात धरताना डावा तळहात लेन्सच्या खाली असावा आणि कोपरे छातीशी टेकवावीत. जंगलात जीपच्या कठड्यावर तिपाई लावता येत नाही. तेथे तांदूळ किंवा वाटाणे भरलेली कापडी पिशवी उपयोगी पडते. ती घरी शिवता येते. प्रवासात रिकामी न्यावी आणि मुक्कामाच्या गावी किराणा दुकानातून भरून घ्यावी. माझ्या साऱ्या सामानातील ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त वस्तू आहे.

लेन्सची काळजी घेणे, हा तिच्या किमतीचाच भाग समजावा. पावसाळ्यात ती हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. पुड्या अधूनमधून सुकवाव्यात किंवा बदलाव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लेन्स वापरत राहावी. उन्हात आणि वाऱ्यात फिरणाऱ्या लेन्सला सहसा बुरशी धरत नाही.

(उ) साधन आणि माणूस

महागडी साधने नसतानाही आपल्या देशात हे काम झालेले आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे ब्रिटिश वनाधिकारी १९२० च्या दशकात वाघाच्या वाटेवर बारीक तार बांधून ठेवत. वाघाचा पाय तारेला लागला, की कॅमेऱ्याची झडप उघडे. वाघाजवळ माणूस नसे. त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. चेन्नईचे निसर्गलेखक एम. कृष्णन (१९१२–१९९६) यांनी तर निरनिराळे सुटे भाग जुळवून बनवलेल्या कॅमेऱ्याने कृष्णधवल छायाचित्रे काढली. मराठीत मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी कॅमेऱ्याऐवजी लेखणीने अरण्य टिपले. या तिघांजवळ एक गोष्ट समान होती. ती म्हणजे थांबण्याची तयारी.

आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ पासून आहे. अभयारण्यात प्रवेश करण्यास आणि छायाचित्रे काढण्यास परवानगी लागते, हे त्यात सांगितलेले आहे. माळावरच्या टिटवीजवळ जाताना मात्र कोणी परवानगी विचारत नाही. तेथे नियम आपला आपणच पाळायचा असतो.

पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा भिगवणला गेले. तेच मामा होते. त्यांनी दुरूनच बोटाने जागा दाखवली. या खेपेला आम्ही होडीतून उतरलोच नाही. होडी गवताच्या आडोशाला लावली. मी तांदळाची पिशवी होडीच्या काठावर ठेवली, तिच्यावर लेन्स टेकवली आणि वाट पाहू लागले. अंतर चोवीस-पंचवीस मीटर असावे. पहिली काही मिनिटे टिटवी उभी राहून आमच्याकडे पाहत होती. मग ती पाण्यापर्यंत चालत आली. तिने पोट भिजवले, तुरुतुरु परत गेली आणि अंड्यांवर बसली. तिच्या पोटाखालून पाण्याचे दोन थेंब खड्यांवर पडलेले मला लेन्समधून दिसले.

मी चारच छायाचित्रे घेतली. मामा हळूच म्हणाले, "झालं का, बाई?" मी म्हणाले, "झालं, मामा. निघूया." टिटवी ओरडली नाही. आम्ही गेलो तेव्हा ती बसलेलीच होती.

शब्दार्थ

नाभीय अंतर – लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला पल्ला. छिद्र – लेन्समधून प्रकाश आत येण्याचे द्वार. झडप – ठरावीक क्षणापुरता प्रकाश आत सोडणारा पडदा. स्थिरीकरण – हाताचा कंप कमी करणारी लेन्समधील सोय. विजेरी – बॅटरी, टॉर्च. तिपाई – तीन पायांची घडवंची. पथ्य – पाळावयाचा नियम. कृष्णधवल – काळ्या-पांढऱ्या रंगातील.

पाठगत प्रश्न १७.२

१. 'स्थिरीकरण आपला हात सावरते, पक्ष्याचे पंख थांबवत नाही' या वाक्यातून लेखिका काय सुचवते?
२. योग्य जोड्या लावा.
(क) तांदळाची पिशवी – (१) बुरशीपासून रक्षण
(ख) सिलिका जेल – (२) जीपमध्ये लेन्सला आधार
(ग) एफ ८ छिद्र – (३) चित्राची धार वाढणे
३. दुसऱ्या भेटीत टिटवी का ओरडली नाही?

१७.२ आपण समजून घेऊया

या पाठाची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. लेखिकेने सुरुवातीला लेन्सची माहिती दिलेली नाही, आपली चूक सांगितली आहे. त्यामुळे पुढे येणारे आकडे कोरडे वाटत नाहीत. २४ मीटर आणि १० मीटर हे आकडे वाचताना आपल्याला उन्हातली चार अंडी आठवतात. शेवटी तीच जागा, तेच मामा आणि तसाच उन्हाळा परत येतो. बदललेले असते ते अंतर, आणि लेखिकेची वागणूक.

मामांच्या तोंडी लेखिकेने बोलीभाषा ठेवली आहे. 'हितं', 'तंवर', 'भाजत्यात' ही रूपे प्रमाण मराठीत 'इथे', 'तोपर्यंत', 'भाजतात' अशी होतात. मामांजवळ पुस्तकी ज्ञान नाही, पण पाण्यावर घालवलेल्या आयुष्याने त्यांना ते दिले आहे. लेखिकेने वाचलेले असूनही तिला आठवले नाही, मामांना ते दिसत होते. हा विरोध लेखिका कोणतेही भाष्य न करता आपल्यापुढे ठेवते.

१७.३ भाषाभ्यास

म्हणी व वाक्प्रचार

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण तुम्हांला माहीत असेल. आपल्या ऐपतीप्रमाणे खर्च करावा, हा तिचा अर्थ. पाठातील एका उपशीर्षकात लेखिकेने या म्हणीचे केवळ पहिले दोन शब्द वापरले आहेत. वाचक उरलेली म्हण मनातल्या मनात पूर्ण करतो.

पुढील वाक्प्रचार पाहा.
• भान न राहणे – जाणीव नसणे. वाक्य : पुस्तक वाचताना रमेशला वेळेचे भान राहिले नाही.
• पदरमोड करणे – स्वतःच्या जवळचे पैसे खर्च करणे. वाक्य : गावातील वाचनालयासाठी गुरुजींनी पदरमोड केली.
• ध्यानात ठेवणे – लक्षात ठेवणे.
• आवाक्यात येणे – मिळवता येण्याजोगे होणे.

शेवटच्या दोन वाक्प्रचारांचा तुमच्या वाक्यांत उपयोग करा.

मिश्र वाक्य व संयुक्त वाक्य

'तुम्ही उभे राहिलात, तर टिटवी बसणार नाही.' या वाक्यात 'टिटवी बसणार नाही' हे मुख्य वाक्य असून दुसरे त्यावर अवलंबून आहे. एक प्रधान आणि एक किंवा अधिक गौण वाक्ये मिळून मिश्र वाक्य होते.

'मी लेन्स टेकवली आणि वाट पाहू लागले.' येथे दोन्ही वाक्ये स्वतंत्र आहेत. 'आणि' या उभयान्वयी अव्ययाने ती जोडली आहेत. हे संयुक्त वाक्य होय.

पाठगत प्रश्न १७.३

वाक्याचा प्रकार ओळखा.
१. ज्यांना ओझे पेलवत नाही, त्यांच्यासाठी ही लेन्स सोयीची आहे.
२. धुळीचे कण चालतात, पण बुरशी चालत नाही.

तुम्ही काय शिकलात

• नाभीय अंतर वाढले, की दूरचा पक्षी चौकटीत मोठा दिसतो. त्यामुळे आपल्याला दूर राहता येते.
• परवडणाऱ्या लांब लेन्सचे छिद्र लहान असते. ती हलकी व स्वस्त असते, पण तिला प्रकाश कमी मिळतो.
• वापरलेली लेन्स घेताना बुरशी, झूमचे कडे, जोडणी आणि प्रत्यक्ष छायाचित्र तपासावे.
• झडपेचा वेग, आधार आणि सकाळचा प्रकाश यांमुळे साध्या लेन्सनेही चांगले छायाचित्र मिळते.
• छायाचित्रापेक्षा पशुपक्ष्यांचे जीवन महत्त्वाचे आहे.

पाठान्त प्रश्न

१. लेखिकेची पहिली व दुसरी चूक तुमच्या शब्दांत लिहा. दोन्ही चुकांमागील समान कारण कोणते, असे तुम्हांला वाटते?
२. १५० ते ६०० मिलिमीटरच्या लेन्सने ४८ मीटरवरील पक्षी टिपताना, ६०० मिलिमीटरवर चौकटीत किती रुंदीची जागा येईल? पाठातील रीतीने गणित करा.
३. 'जे अंतर काचेने कापायचे, ते मी पायांनी कापत होते' या वाक्याचे स्पष्टीकरण करा.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या पक्ष्याचे दुरून निरीक्षण करा. तो काय करत होता, ते दहा ओळींत लिहा.
५. तुमच्या कामात लागणारे एखादे साधन निवडताना तुम्ही कोणत्या गोष्टी तपासता? पाठातील यादीप्रमाणे पाच मुद्दे लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१७.१ – १. (ख) पक्ष्यापासून अंतर राखणे २. १५० ३. चूक, ती अंड्यांवर सावलीही धरते व भिजलेल्या पिसांनी ती गार ठेवते. ४. आतील बुरशी, डाग व ओरखडे पाहण्यासाठी.

१७.२ – १. साधनाला मर्यादा असते. उडत्या पक्ष्यासाठी झडपेचा वेग वाढवावाच लागतो. २. क–२, ख–१, ग–३ ३. लेखिका व मामा होडीतून न उतरता, आडोशाला, पुरेशा अंतरावर शांत बसले होते.

१७.३ – १. मिश्र वाक्य २. संयुक्त वाक्य